कट्ट्यावरचा फळा

तालमीच्या कट्ट्यावर भिंतीला टेकवून एक काळा फळा उभा असायचा. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वर्तमानपत्र कुणाच्या घरी येवो न येवो, फळा सगळ्यांचा होता. जोर-बैठका काढून घामाघूम झालेली पोरं, म्हशी हाकत निघालेले दूधवाले, देवीचं दर्शन उरकून परतणाऱ्या बायका, सगळे सकाळी तिथं घटकाभर थांबत. ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाची, आणि ज्याला येत नसे तो सगळ्यांच्या आधी हसे.

फळा लिहायचे माधव गुरुजी. हायस्कुलात ते चित्रकला शिकवत. अक्षर असं की शिवी लिहिली तरी चौकटीत घालून भिंतीवर लावावी. शाळेला जाण्याआधी आंघोळ-संध्या उरकायची, खिशात खडू टाकायचा, कट्ट्यावर जाऊन पेठेची दोन-चार सुखदुःखं आणि एखादा चिमटा लिहायचा, हा त्यांचा नेम होता. संध्या कधी चुके, फळा चुकत नसे. बायको कालिंदी म्हणायची की यांना पुण्य लागणार ते खडूचंच.

गुरुजी पेठेतल्या मोजक्या ब्राह्मणांपैकी. अठ्ठेचाळीस साली गांधीजींच्या खुनाची बातमी आली आणि ब्राह्मणांची घरं पेटू लागली, तेव्हा गुरुजींच्या गल्लीच्या तोंडाशी एक माणूस तालमीची पोरं घेऊन उभा राहिला होता. त्याचं नाव आकाराम. तेव्हा तो कुणीच नव्हता. मैदानात दोन-चार नाव घेण्यासारख्या कुस्त्या मारलेल्या, आणि पोटासाठी लाकडाच्या वखारीत काम. समोरून पलिते घेऊन आलेल्या जमावाला तो एवढंच म्हणाला की, "हितनं म्होरं जायाचं आसंल त्येनं आदी माज्यासंगं कुस्ती धरायची." जमाव थोडा वेळ घुटमळला आणि दुसरीकडं वळला. गुरुजींचं घर राहिलं, म्हातारी आई राहिली, अंगणातला आड राहिला. आकारामनं नंतर ही गोष्ट कधी तोंडातून काढली नाही. काढायची गरजच नव्हती, ते काम पेठ करत होती.

संस्थान विलीन झालं, मतांचे दिवस आले. राजवाड्यात जाऊन मुजरा करणारे मोठे लोक गोंधळून गेले, कारण मतं मागायला दारोदार हिंडायची त्यांना सवय नव्हती. आकारामला हिंडण्यावाचून दुसरं काही येत नव्हतं. मयताला पहिला खांदा त्याचा, लग्नात पंगत वाढायला कमरेला पंचा खोचून तो हजर, कुणाच्या बाईला रात्री कळा सुरू झाल्या तर टांगा घेऊन तो दारात. हे सगळं तो मतांसाठी करायचा असं म्हणावं तर ते खरं नाही, आणि मतांसाठी करत नव्हता म्हणावं तर तेही खरं नाही. गुरुजींनी फळ्यावर त्याच्याविषयी भरभरून लिहिलं. आकाराम नगरपालिकेत निवडून आला. फळ्यानं त्याला निवडून आणलं असं लोक म्हणत, आणि वर वर नको नको म्हणत गुरुजी ते गोड मानून घेत.

तालमीच्या पलीकडं उतारावर खालची गल्ली. तिथं नळ नव्हता. पेठेत सार्वजनिक नळाला चावी म्हणतात. खालच्या गल्लीत चावी आणीन असा शब्द आकारामनं दिला होता आणि तो पाळायला तो निघालाही. ओव्हरसियरनं आखणी केली आणि पाईप नेमका कट्ट्याखालून जायचा ठरला. कट्टा फोडावा लागणार होता.

कट्टा म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. घडीव काळ्या दगडाचा तो कट्टा तालमीच्या जुन्या वस्तादांनी अंगमेहनतीनं बांधलेला. पेठेच्या किती पिढ्या त्यावर बसल्या, भांडल्या आणि म्हाताऱ्या झाल्या. पोरं खवळली. आणि गुरुजी पोरांहून जास्त खवळले, कारण फळा तर त्याच कट्ट्यावर उभा होता. त्यांनी रोज लिहायचा सपाटा लावला. 'कट्ट्याला पहार लागली तर पेठ गप्प बसणार नाही.' 'निवडून यायला कट्टा लागला, आता कट्टा आड येतो काय?' आकाराम एका सकाळी आला, सगळ्यांदेखत फळा वाचला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"पेठ बोलली, आकारामनं ऐकलं. कट्टा ऱ्हाईल," तो म्हणाला.

पोरांनी गुरुजींना खांद्यावर घेतलं. गुलाल उधळला. गुरुजींचं धोतर गुलाबी झालं ते कालिंदीनं कितीही धुतलं तरी पुरतं पांढरं झालं नाही. मग पाईप कुठून गेला हे त्या गडबडीत कुणी विचारलं नाही. पाईप कट्ट्याला वळसा घालून उघड्या गटाराच्या कडेनं गेला आणि जिथं कडेला जागा नव्हती तिथं गटारातूनच गेला. गुरुजींनी तो जाताना डोळ्यांनी पाहिला होता. लोखंडी आहे, काय होणार आहे त्याला, असं मनाशी म्हणून ते शाळेला गेले.

खालच्या गल्लीला पाणी आलं. पुढल्या निवडणुकीला आकाराम नगराध्यक्ष झाला, आणि त्या दिवसापासून तो आकाराम राहिला नाही, ते आण्णा झाले. आपणही आता तसंच म्हणू.

खुर्ची मिळाली की माणूस बिघडतो असं सरसकट म्हणता येत नाही, पण त्याचे मेहुणे मात्र बिघडतातच. आण्णांच्या मेहुण्याला रस्त्याच्या खडीचं काम मिळालं आणि पावसाळ्यात ती खडी ओढ्याला जाऊन मिळाली. गुरुजींनी लिहिलं, 'मेहुण्याचा रस्ता पोहायला शिकला.' पेठेनं श्वास रोखला. आता गुरुजींना मार बसतो की शाळेतून जावं लागतं एवढंच बघायचं राहिलं, असं सगळ्यांना वाटलं. गुरुजींनाही वाटलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी कालिंदीला तशी कल्पना देऊन ठेवली होती आणि मनातून त्यांची तयारीही होती. खरं तर मार खाण्याची त्यांना थोडी हौसच होती.

दुसऱ्या दिवशी आण्णा आले ते पाच-पन्नास माणसं घेऊन. त्यांनी फळा स्वतः मोठ्यानं वाचला आणि सगळ्यांहून मोठ्यानं हसले. गुरुजींनी आमची पाठ मातीला लावली, असं म्हणून त्यांनी गुरुजींना छातीशी धरलं. आठवड्याभरात फळ्यावर पत्र्याचं छप्पर आलं. मग विजेचा दिवा. मग रंगीत खडूंची पेटी, तीही पुण्याहून मागवलेली. पाहुणे आले, मंत्री आले की आण्णा त्यांना आधी कट्ट्यावर आणत आणि सांगत की हे आमचे गुरुजी, आमाला रोज शिव्या देतात आणि आम्ही रोज वाचतो. मंत्री गुरुजींच्या पाठीवर थाप मारत. लोकशाही कशी असावी ते कोल्हापुरात येऊन बघावं, असं एकजण भाषणात म्हणालाही.

आण्णा रोज सकाळी फळा वाचायला येऊ लागले. हळूहळू लोक फळ्याकडं बघायच्या आधी आण्णांच्या चेहऱ्याकडं बघू लागले. ते हसले की हसायचं. आणि ते तर नेहमीच हसत. गुरुजी तिखट लिहीत गेले तसं हसणं वाढत गेलं, आणि आण्णांचं नाव मोठं होत गेलं. केवढं काळीज आहे माणसाचं, असं लोक म्हणायला लागले. गुरुजींना घरी जेवण जाईना. कुणाशी तक्रार करायची आणि काय करायची? छप्पर घातलं ही? खडू दिले ही?

तालमीचे म्हातारे वस्ताद जोतीराम यांनी एकदा गुरुजींना बाजूला बसवून घेतलं. आण्णा कुस्तीतसुद्धा हेच करायचा, असं ते म्हणाले. "म्होरला आंगावर आला की ह्यो मागं सरायचा न्हाय, मिठी मारायचा. मिठीत घावलेल्या माणसानं जोर लावायचा कुठं?" एवढं बोलून वस्तादांनी तंबाखू मळली आणि विषय बदलला.

छप्पन्नची दिवाळी झाली आणि खालच्या गल्लीत ताप आला. मुदतीचा ताप, डॉक्टरांच्या भाषेत टायफॉईड. आधी एका घरात, मग शेजारी, मग उतारावरच्या प्रत्येक दोन घरांआड एक अंथरूण. डॉक्टरांनी पाण्याला दोष दिला आणि पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. ज्या घरात भाकरीपुरतं जळण नसतं तिथं पाणी कशावर उकळायचं ते त्यांनी सांगितलं नाही. गुरुजी स्वतः उतार उतरून पाईप बघायला गेले. एके ठिकाणी पाईपाचा जोड गटाराच्या काळ्या पाण्यात बुडालेला होता आणि वरून पाणी सुटायचं थांबलं की ते काळं पाणी त्या जोडापाशी हळूच आत ओढलं जात होतं. गुरुजी बराच वेळ तिथं उकिडवे बसून राहिले. उठले तेव्हा त्यांना एकच गोष्ट हवी होती. हा पाईप इथून निघाला पाहिजे, आणि तो निघेपर्यंत हे पाणी कुणी पिता कामा नये.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांनी चिमटा लिहिला नाही, सरळ लिहिलं. 'खालच्या गल्लीचं पाणी पिऊ नका. पाईप गटारात आहे.'

आण्णांनी वाचलं. त्यांची आमदारकीची निवडणूक तोंडावर आली होती. क्षणभर त्यांचा चेहरा गंभीर झाला, पण माणसं त्यांच्याकडं बघत होती. "काय वो गुरुजी," ते म्हणाले, "आजपातूर मातीत लोळवत हुतासा, आता गटारात बी लोळवायला लागलासा व्हय?" कट्ट्यावर हशा पिकला. पोरंबाळं घरी तापानं फणफणत असलेली माणसंही हसली, कारण फळ्यापाशी उभं राहून हसायची त्यांना सवयच झाली होती.

मग गुरुजींनी लिहायचं तेच लिहिलं. 'कट्टा फोडा. पाईप वर घ्या.' तालमीच्या पोरांनी ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि एकानं गुरुजींच्या सदऱ्याला हात घातला. ज्यांना कट्टा वाचवला म्हणून खांद्यावर घेतलं होतं, तेच कट्टा फोडा म्हणतात, म्हणजे गुरुजी फिरले, कुणीतरी फिरवले. आण्णा मध्ये पडले. त्यांनी त्या पोराच्या खाड्कन मुस्काटात मारली.

"गुरुजींच्या आंगाला हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. "त्येंच्या दारात मी एकदा हुबा ऱ्हायलोय. परत ऱ्हाईन."

इतक्या वर्षांत अठ्ठेचाळीस सालच्या त्या गोष्टीविषयी ते पहिल्यांदा बोलले. गुरुजींना वाटलं, यापेक्षा सदरा फाटला असता तर बरं झालं असतं.

गर्दी पांगल्यावर आण्णा कट्ट्यावर गुरुजींशेजारी येऊन बसले. पायातली वहाण काढून ठेवली. बोलण्यात राग नव्हता. ते म्हणाले की पाईप वाईट जागी आहे हे त्यांनाही दिसतं, डोळे फुटलेले नाहीत. पण वर घ्यायचा तर कट्टा फोडावा लागतो. आत्ता कट्टा फोडला तर तालीम जाते, तालीम गेली तर पेठ जाते, आणि पेठ गेली तर आमदारकी कसली नि काय कसली. आमदार झालो की पहिलं काम हेच करतो.

"तोवर पोरं मरतील, आण्णा," गुरुजी म्हणाले.

आण्णांनी कट्ट्याच्या दगडावर तळहात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, कट्ट्याला हात लावू नका म्हणून कुणी लिवलं हुतं? मी तर फोडायला निघालतो की."

आण्णांनी वहाण पायात सरकवली आणि जाता जाता, लिवा की, मी न्हाय म्हटलंय का, असं मायेनं सांगितलं.

घरी येऊन त्यांनी कालिंदीला सगळं सांगितलं. ती ताक घुसळत होती. ती म्हणाली की उद्यापासून काही लिहूच नका, रिकामा फळाच लोकांना टोचेल. गुरुजींना ते पटलं. दुसऱ्या सकाळी त्यांनी फळा स्वच्छ पुसून कोरा ठेवला आणि लांब उभे राहून पाहू लागले. आण्णा आले, कोरा फळा न्याहाळला आणि वळून लोकांना म्हणाले की आज गुरुजींस्नी आमच्यात काय खोट घावली न्हाय. टाळ्या पडल्या. कुणीतरी त्या कोऱ्या फळ्याला हार घातला.

आणि मग हिराबाईची लीला गेली.

हिराबाई खालच्या गल्लीच्या टोकाला राहायची. नवरा मागंच गेलेला, दोन म्हशींवर संसार. गुरुजींच्या घरी कित्येक वर्षं तिचंच दूध. लीला सहा-सात वर्षांची, आईच्या मागं चरवी धरून यायची आणि कालिंदी तिच्या हातावर गूळ ठेवायची. तापाच्या तिसऱ्या आठवड्यात ती गेली. गुरुजी स्मशानातून परतले, आंघोळ केली आणि पहाटेच कट्ट्यावर गेले. अक्षर बिघडलं नाही. 'हिराबाईची लीला काल गेली. ती चावीचं पाणी पीत होती.'

सकाळी एकजण नेहमीसारखा वाचायच्या आधीच हसला. वाचणाऱ्यानं मोठ्यानं सुरुवात केली आणि दुसऱ्या शब्दाशी थांबला. माणसं खाली मान घालून निघून गेली. त्या दिवशी खालच्या गल्लीतली एकही बाई चावीवर गेली नाही.

दुपारी कालिंदीनं अंगणाचा दरवाजा सताड उघडला आणि उतारावर निरोप धाडला की आमच्या आडावर या. सासूच्या काळात त्या आडाच्या दोराला परक्या बाईचा हात लागला नव्हता. बायका आधी उंबऱ्याबाहेर घुटमळल्या, मग अक्काताई नावाची थोराड बाई पुढं झाली आणि घागर घेऊन आत आली. तिच्यामागं सगळ्या आल्या. दिवसभर रहाट कुरकुरत होता. गुरुजी ओसरीवर बसून तो आवाज ऐकत होते. फळ्यावर इतकं लिहिलं, पण खडूनं कुणाचं भलं झालेलं ते पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

चौथ्या दिवशी आण्णा हिराबाईच्या घरी गेले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले आणि रडले. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर सगळं किती सोपं झालं असतं! आण्णांनीही एक लहान भाऊ असाच तापानं घालवला होता. मग त्यांनी जाहीर केलं की खालच्या गल्लीची चावी नव्यानं बांधायची, दगडी चौथऱ्याची, पितळी तोटीची, आणि तिला लीलाचं नाव द्यायचं. गवंडी दुसऱ्याच दिवशी लागले. चौथरा झाला, तोटी झाली, नाव कोरलेली फरशी बसली. पाईप तोच राहिला, त्याच गटारात. बायका मात्र अजून गुरुजींच्या आडावरच येत होत्या.

उद्घाटनाला गुरुजींना खास बोलावणं आलं. कालिंदी म्हणाली, जाऊ नका. गुरुजी म्हणाले की जाणार आणि बोलणार. फळा हसण्यावारी जातो, पण चार माणसांत उभं राहून सांगितलेलं कसं हसण्यावारी जाईल? तोटी नवी आहे पण पाईप जुना आहे, हे पाणी पिऊ नका, एवढी दोन वाक्यं. ती त्यांनी वाटेत मनाशी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली.

खालची गल्ली माणसांनी भरली होती. आडावर येणाऱ्या सगळ्या बायका तिथं होत्या, अक्काताई पुढं होती. आण्णांनी भाषण केलं नाही. त्यांनी हिराबाईला हाताला धरून पुढं आणलं आणि तिच्याकडून तोटी फिरवून घेतली. पाणी आलं, स्वच्छ दिसत होतं. हिराबाईनं पितळी पेला भरला आणि तो कुणाला द्यायचा ते विचारायला आण्णांकडं पाहिलं.

"पयला पेला गुरुजींचा," आण्णा म्हणाले. "लीलासाठी पयल्यांदा त्येंनी लिवलं. आमी नंतर."

माणसं बाजूला झाली. हिराबाई पेला घेऊन गुरुजींसमोर येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. डोळे सुजलेले होते, पण त्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडं तेज आलं होतं.

"घ्या गुरुजी," ती म्हणाली. "माज्या लीलाच्या नावाचं पानी हाय."

गुरुजींनी तोंड उघडलं. हिराबाई, हे पाणी, एवढे शब्द बाहेर पडले आणि तिथंच अडले, कारण मागून कुणीतरी दबक्या आवाजात बोललं. बामनाला चालंना व्हय? दुसरा कुणी काही तरी पुटपुटला. गुरुजी या गोष्टी मानत नव्हते, कधीच मानल्या नव्हत्या. पण जुन्या रिवाजात दूध चालतं आणि पाणी चालत नाही. हिराबाईच्या हातचं दूध त्यांनी इतकी वर्षं घेतलं, तिच्या हातचं पाणी प्यायची वेळच कधी आली नव्हती. आता पेला नाकारला तर तो पाईपमुळं नाकारला असं इथं एकही माणूस समजणार नव्हता. समोर पलिते नव्हते, पण अठ्ठेचाळीस सालासारखेच ते पुन्हा नुसते ब्राह्मण उरले होते. आण्णा हात जोडून शांत उभे होते. त्यांना हे ठाऊक होतं की नव्हतं, ते गुरुजींना शेवटपर्यंत कळलं नाही.

तरीही त्यांनी नकार दिला असता. लोक काय म्हणतील ते सोसायची तयारी होती. पण हिराबाईनंही ते पुटपुटणं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचं तेज एकदम गेलं आणि पेला धरलेला हात हळूहळू मागं जायला लागला.

"इसारलेच की मी," ती स्वतःशीच म्हणाली. "माज्या हातचं पानी तुमास्नी कसं चालंल."

तो हात मागं जाताना गुरुजींना बघवेना. त्यांनी पुढं होऊन पेला घेतला आणि एका दमात प्याले. पाणी गार होतं आणि चवीला चांगलं होतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. हिराबाई रडत त्यांच्या पाया पडायला वाकली. दोन वाक्यं बोलायची राहून गेली होती. गुरुजींनी ती बोलायचा प्रयत्न केला, पण त्या आवाजात ती त्यांची त्यांनाही ऐकू आली नाहीत.

दुसऱ्या सकाळी गुरुजी अंगणात आले तेव्हा कालिंदी आडापाशी दोर हातात घेऊन उभी होती. दरवाजा उघडा होता आणि अंगणात कुणी नव्हतं. त्यांनी खडू घेतला आणि कट्ट्यावर जाऊन लिहिलं, 'खालच्या गल्लीचं पाणी पिऊ नका.' आण्णा आलेले नव्हते. आता त्यांना यायची गरज नव्हती. उताराच्या वरच्या टोकाला राहणारी अक्काताई भरलेली घागर कमरेवर घेऊन चढ चढून येत होती. ती फळ्यासमोर थांबली, काय लिहिलंय म्हणून शेजारच्या माणसाला विचारलं आणि ऐकून गुरुजींकडं वळली. तिच्या बोलण्यात टिंगल नव्हती, उलट माया होती.

"काय तरीच काय लिवताय वो गुरुजी," ती म्हणाली. "काल तुमी सोता प्यालासा. मग आमाला काय हुतंय?"

तिनं घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली आणि घराकडं गेली. खाली उतारावर नव्या चावीपाशी बायकांची रांग लागली होती.